अडेल मणी
(हरिहरेश्वर येथे साक्षरता वर्गातील बायांपुढे केलेले भाषण)



मागच्या शुक्रवारी आपण मण्यांचे काम सुरू केले. त्या दिवशी निम्म्या जणी अर्ध्यावर उठून गेल्या. एक जण जाताना म्हणाली, "माझे हात कोयत्याला सरावलेले. हे नाजूक काम मला जमायचं नाही." दुसरी म्हणाली, "माझी नजरच गेली." तिसरी काही बोलली नाही. नुसते ताट पुढे सरकवले आणि गेली.

तुम्ही गेल्यावर मी ती ताटे दारात नेली. एकेक मणी सुईवर घेतला आणि उजेडासमोर धरला. काय दिसले सांगू? दहातले तीन मणी मुळातच बिघडलेले होते. एकाचे भोक बुजलेले. एकाची कड फुटलेली. एक इतका जाड, की शेजारच्या दोघांना बाजूला ढकलील. म्हणजे खोट तुमच्या हातात नव्हती. मण्यांत होती. आणि ते मणी आणले होते मी. स्वस्त मिळाले म्हणून मी दोन पुडे जास्तच घेतले होते.

तेव्हा आधी माझी चूक कबूल करते. आणि आज या अडेल मण्यांविषयीच बोलते. बैल अडला तर आपण लगेच चाबूक उगारत नाही. आधी खूर बघतो, जू बघतो. मणी अडला तरी असेच करावे.

आधी मणी होतो कसा ते ऐका. ते कळले की त्याची खोडही कळते.

भट्टीत काच वितळवतात. तिचा गोळा घेतात. गोळ्याच्या पोटात हवेची पोकळी धरतात. मग तो गोळा दोन्ही टोकांनी ओढतात. पूर्वी दोन माणसे दोन टोके धरून एकमेकांपासून दूर चालत जात. गरम पाकाची तार निघते ना, तशी काचेची लांब तार निघते. गंमत अशी, की पोटातली पोकळीही तारेबरोबर लांबत जाते. म्हणजे ती तार नसते, बारीक नळी असते. ती थंड झाली की तिचे बारीक बारीक तुकडे करतात. प्रत्येक तुकडा म्हणजे एक मणी.

पण हा मणी अजून कच्चा असतो. नळी कापलेली, म्हणून त्याच्या कडा सुरीसारख्या असतात. त्या गोल करायला मणी पुन्हा तापवून घोळवतात. तापवताना काच मऊ होते आणि भोक मिटायची भीती असते. म्हणून आधी भोकात चुना आणि कोळसा यांची भुकटी भरत. काम झाले की भुकटी झाडून, धुऊन काढत. आता पुष्कळ कामे यंत्राने होतात, पण रीत साधारण तीच आहे.

आता तुम्हीच सांगा. घोळवणे अपुरे राहिले तर काय होईल? कड धारदार राहील आणि दोरा कापील. भुकटी नीट निघाली नाही तर? भोक बुजलेले राहील. तार ओढताना कुठे जाड, कुठे बारीक झाली तर? मणी लहानमोठे होतील. मागच्या शुक्रवारी तुम्हाला जे जे नडले, ते सगळे तुमच्या ताटात येण्याआधीच झालेले होते.

इटली देशात व्हेनिस शहराजवळ मुरानो नावाचे बेट आहे. 1291 साली शहरातल्या काचेच्या भट्ट्या तिथे हलवल्या. आगीच्या भीतीने हलवल्या असे सांगतात. पुढे तिथले मणी जगभर गेले. आज जपानचे बारीक मणी एकसारखेपणासाठी नावाजलेले आहेत. आपल्या देशात उत्तर प्रदेशात पुर्दिलनगर या गावी काचेचे मणी होतात. आणि आपण मणी परदेशाकडून शिकलो असे मात्र समजू नका. दोन हजार वर्षांपूर्वी पुदुच्चेरीजवळ अरिकमेडू येथे काचेचे बारीक मणी होत. आपल्या धाराशिव जिल्ह्यात तेर नावाचे गाव आहे. तिथे जमिनीत जुने मणी सापडले. ते तिथल्या संग्रहालयात ठेवले आहेत. कधी पंढरपूरला गेलात आणि पुढे तेरला जायचा योग आला, तर जरूर बघा. गोरोबाकाकांचेही गाव तेच.

दगडाच्या मण्यांची खोड आणखी वेगळी. गुजरातेत खंबायतला अकीक नावाच्या दगडाचे मणी करतात. दगड कठीण. त्याला हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने भोक पाडतात. अर्धे भोक या बाजूने, अर्धे त्या बाजूने. दोन्ही भोके मध्ये नीट भेटली नाहीत, तर आत पायरी राहते. सुई तिथे अडते. ओवणारी म्हणते, "भोक तर दिसतंय, मग सुई का जात नाही?" अशा मण्यात सुई सरळ रेटू नये. मणी बोटात हळूहळू फिरवावा. सुई आपली वाट शोधते.

आता आपल्या कामाकडे येऊ.

पहिली गोष्ट, पाकिटावरचा आकडा वाचा. आता तुम्हाला आकडे येतात. मणी घेताना त्यांचा उपयोग करा. पाकिटावर 8, 11, 15 असे नंबर असतात. पुढे एक रेघ आणि शून्यही असते. यात एक उलटी गोष्ट आहे. आकडा वाढला की मणी लहान होतो. 8 नंबरचा मणी सुमारे 3 मिलिमीटर. 11 नंबरचा सुमारे 2 मिलिमीटर. 15 नंबरचा त्याहून बारीक. सुईचेही तसेच. 10 नंबरच्या सुईपेक्षा 12 नंबरची बारीक. दुकानदार "सगळं एकच हो बाई" म्हणाला, तरी तुम्ही आकडा बघा.

दुसरी गोष्ट, मणी निवडून घ्या. तांदूळ न निवडता आपण आधण ठेवत नाही. मग मणी न निवडता दोरा का घ्यावा? ताटात पांढरे फडके अंथरा. त्यावर मणी पसरा. मणी इकडे तिकडे पळत नाहीत आणि खोट लगेच दिसते. फुटके आणि बुजके एका वाटीत. जाडे दुसऱ्या वाटीत. बारके तिसऱ्या वाटीत. हे काम कंटाळवाणे आहे, मी नाही म्हणत नाही. मला स्वतःला त्याचा फार राग येई. हात ओवायला शिवशिवत असतात आणि आपण वाट्या भरत बसायचे! पण जाळी विणून झाल्यावर ती वाकडी आली, की मग तासभर निवडणे परवडले असे वाटते.

जाडे मणी फेकू नका. तोरणाची जाळी जिथे वळते, तिथे बाहेरच्या अंगाला जाडा मणीच बरा बसतो. सरळ ओळीत जो नडतो, तो वळणावर उपयोगी पडतो. बुजके मणी कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. भुकटी असेल तर सुटते. बारीक तारेने हलके टोकरा. नाही सुटली तर सोडून द्या. सुई रेटू मात्र नका. मोकळा मणी फुटला तर एक मणी गेला. विणलेल्या जाळीत फुटला तर आतला दोराही कापतो. मग चार ओळी उसवाव्या लागतात. त्या वेळी तोंडातून काय शब्द जातात ते मी इथे सांगत नाही.

लांब नळीचे मणी असतात, त्यांच्या कडांना हमखास धार असते. दिसायला ते फार सुरेख, उजेडात झळकतात. पण दोरा कापतात. त्यावर एक सोपा उपाय आहे. नळीच्या दोन्ही टोकांना एकेक गोल मणी ओवा. मग दोऱ्याचे वळण गोल मण्यावर पडते, धारेवर पडत नाही.

कधी ओळीत एक मणी जास्त पडतो. चार ओळी पुढे गेल्यावर ते लक्षात येते. तेव्हा सगळे उसवू नका. त्या मण्याच्या भोकात एक जाड सुई घाला, म्हणजे दोरा वाचतो. मग मणी पकडीत धरा, वर दुसऱ्या हाताचा आडोसा करा आणि हळूच दाबा. मणी फुटून निघतो. डोळे सांभाळा. काचेचे कण लगेच ओल्या फडक्याने टिपून घ्या. घरात पोरे अनवाणी फिरतात.

दोऱ्याचेही बघावे लागते. आपल्याकडे खारा वारा. सुती दोरा पावसाळ्यात ओल धरतो आणि कुजतो. साधी सुई आठ दिवसांत गंजते, ती तेलाच्या चिंधीत ठेवावी. सुती दोरा घ्यायचाच तर त्याला मेण लावावे. पुष्कळ जणी कोळीवाड्यातून तंगूस आणतात. तो मजबूत खरा. पण त्याची गाठ सुटते, म्हणून दुहेरी मारावी. आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिला, तर तोही ठिसूळ होतो.

काळ्या मण्यांचे दोन शब्द. मंगळसूत्राचे काळे मणी म्हणजे सगळ्यांत बारीक आणि सगळ्यांत अवघड. काळ्यावर काळे, संध्याकाळी काही दिसत नाही. पूर्वी हे काम पटवेकरी करीत. रेशमाच्या दोऱ्यात ते दागिने इतके सफाईने गाठवीत, की गाठ कुठे आहे ते शोधून सापडत नसे. आपण घरी पोत ओवायला बसलो, तर सकाळच्या उजेडात बसावे. आणि दोरा अंगच्या घामाने झिजतो, म्हणून पोत वरचेवर तपासावी. तुटली तर रस्त्यात काळे मणी शोधणे किती कठीण, ते ज्यांची तुटली त्यांना विचारा.

आता सगळ्यांत लबाड मणी. तो दिसायला निर्दोष असतो. भोक मोकळे, कड गोल, आकार एकसारखा. पण त्याचा रंग काचेत नसतो, काचेवर नुसता चढवलेला असतो. हा मणी मला कसा कळला, ते जरा सविस्तर सांगते. त्यात आमच्या घरची गोष्ट आहे.

माझ्या सासूबाई 1971 साली लग्न होऊन या गावात आल्या. माहेर दिवेआगरचे. त्यांनी रुखवतात मण्यांचे तोरण आणले होते. वर एक पट्टी आणि खाली लोंबणारी पाच पाने. प्रत्येक पानावर एक अक्षर. सु, स्वा, ग, त, म्. सुस्वागतम्. पांढऱ्या मण्यांवर लाल अक्षरे.

सासूबाईंना तेव्हा अक्षरओळख नव्हती. शाळेचे तोंड त्यांनी पाहिले नव्हते. शेजारणीचे तोरण समोर ठेवून त्यांनी ते केले होते. इतके पांढरे, मग इतके लाल, मग पुन्हा पांढरे. असे मोजत मोजत पाची अक्षरे उतरवली. आपण काय लिहितो आहोत, ते त्यांना ठाऊक नव्हते. कुणीतरी सांगितले होते, की या, बसा असे त्यावर लिहिले आहे.

ते तोरण आमच्या माजघराच्या दारावर होते. मी सून म्हणून आले तेव्हा ते थोडे उसवले होते. मी तालुक्याच्या गावाहून लाल मणी आणून ते दुरुस्त केले. नवे लाल मणी जुन्यांपेक्षा झगझगीत होते. मला मोठा अभिमान वाटला.

3 जून 2020. ती तारीख तुम्हाला मी सांगायला नको. निसर्ग वादळ आले. आपल्या पोफळी, नारळी आडव्या झाल्या. घरांची कौले, पत्रे उडाले. आमच्या माजघरावरचे छप्पर गेले आणि पाऊस सरळ आत आला. तोरणाचा दोरा तुटला. मणी चिखलात गेले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे पोफळी मोजत होतो. किती उभ्या, किती पडल्या. सासूबाई मात्र माजघरात तांदळाची चाळण घेऊन बसल्या होत्या. चिखल चाळणीत घ्यायच्या, वरून पाणी ओतायच्या आणि मणी वेचायच्या. मी म्हटले, "आई, आता हे राहू दे. बाग गेली, त्याचं बघू." त्या म्हणाल्या, "बागेचं बघायला तुम्ही आहात. हे माझं आहे."

चार दिवस त्या मणी वेचत होत्या. धुऊन झाले तेव्हा एक नवल दिसले. त्यांचे जुने लाल मणी होते तसेच लाल होते. चिखल, पाऊस, काही लागले नव्हते. माझे झगझगीत मणी मात्र पांढुरके पडले होते. बोटाने चोळले तर उरला रंगही निघाला. जुन्या मण्यांची काचच लाल होती. माझ्या मण्यांवर नुसता रंग होता.

तेव्हापासून मी नवे मणी तपासल्याशिवाय घेत नाही. तपासणी सोपी आहे. दोन मणी ओल्या पांढऱ्या फडक्यात घालून जोराने चोळा. दोन मणी साबणाच्या पाण्यात रात्रभर ठेवा. दोन मणी पंधरा दिवस उन्हात ठेवा. नखांचा रंग काढायचे पाणी मिळाले, तर त्याचा एक थेंब मण्यावर टाका. रंग टिकला तर मणी घ्या. प्रदक्षिणेला येणाऱ्या पाहुण्यांना आपण तोरण विकले आणि घरी नेऊन त्याचा रंग उतरला, तर ती बाई पुन्हा आपल्याकडे येईल का?

वेचलेले मणी तीन वर्षे पत्र्याच्या डब्यात पडून होते. छप्पर आधी झाले, मग बागेत नवी रोपे लागली. 2023 च्या पावसाळ्यात हात रिकामे झाले. त्याच साली सासूबाई या वर्गात येऊ लागल्या. सत्तरी झाली होती. आधी येईनात. मग नातवाने पाटी हातात दिली, म्हणून आल्या.

तोरणाची सु, ग आणि त ही पाने कशीबशी टिकली होती. स्वा आणि म् मोकळे झाले होते. मी नातवाच्या गणिताच्या चौकटीच्या वहीत ती अक्षरे मांडली. एक चौकट म्हणजे एक मणी. त्यावरून आम्ही दोघींनी ती पाने पुन्हा विणली. जुना मणी फार अडायचा. भोकात चिखल सुकलेला. एकेक टोकरून मोकळा करायचा. दिवसाला तीन ओळी झाल्या तर खूप.

शेवटी पाची पाने चटईवर ओळीने मांडली. सासूबाई वाकून बघू लागल्या. बोट ठेवत वाचू लागल्या. "सु... स्वा... ग..." आणि थांबल्या.

"काय गं हे? हा त असा का?"

त उलटा होता. मण्यांची जाळी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते. त्यामुळे ते पान पट्टीला जोडताना पाठ पुढे आली होती. बावन्न वर्षे तो त उलटाच होता. आमचे सासरे होते तोवर ते पाहुण्यांना हसून सांगत, "आमच्या तोरणाखालून पाहुणा उलट्या पावली परत जातो." सगळे हसायचे. सासूबाईही हसायच्या. कशाला हसतात ते त्यांना कळत नसे.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "तुला वाचता येत होतं. मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

बायांनो, मला उत्तर देता आले नाही. मला वाटे, त्यांना वाईट वाटेल. मला वाटे, जुनी वस्तू आहे, असू दे. आणि खरे सांगायचे तर कधीमधी मीही त्या हसण्यात सामील झाले होते.

मी म्हटले, "आई, राहू दे तसाच. तुमची आठवण आहे ती."

"माझी आठवण चुकीची कशाला राहायला हवी? कात्री दे."

ते पान पट्टीला तीन ठिकाणी जोडलेले होते. दोन टाके त्यांनी कापले. तिसऱ्या ठिकाणचा मणी अडला. त्याचे भोक जुन्या दोऱ्याने गच्च भरले होते. सुई जाईना. मघाशी सांगितले तसा तो मणी त्यांनी पकडीने फोडला. मी पदराचा आडोसा धरला. मग पान फिरवले, नवा मणी घातला आणि तीन टाके घातले. सुईत दोरा मी ओवून दिला, बाकी सगळे त्यांनी केले. अंधार पडला तरी उठल्या नाहीत.

तोरण आता दारावर आहे. काळभैरवाच्या दर्शनाला आलात तर घरी या आणि वाचून बघा.

सासूबाई आज इथे आल्या आहेत. तिकडे खांबाजवळ बसल्या आहेत. मागच्या शुक्रवारची तुमची ताटे आम्ही दोघींनी परवा आणि काल पुन्हा निवडली. फुटके काढून टाकले. बुजके पाण्यात आहेत. जाडे वेगळ्या वाटीत आहेत. ते वळणाच्या वेळी लागतील. दुकानदाराला निरोप धाडला आहे, की असले मणी पुन्हा घेणार नाही.

आता दाराकडे तोंड करून बसा, म्हणजे उजेड ताटात येईल. सुया 12 नंबरच्या आहेत, जपून धरा, वाकतात. ज्यांना नेढ्यात दोरा घालायला दिसत नाही, त्यांनी माझ्याकडे द्या. आज फक्त एक पान करायचे आहे. वहीतल्या चौकटी मोजून घ्या आणि सुरुवात करा.